पहिली साठ पानं सोडली तरी चालतील

कादंबरी वाचून संपली की माणसाला दोन गोष्टी लागतात. एक कप चहा, आणि तीच कादंबरी वाचलेला दुसरा माणूस. चहाची सोय माझ्या घरात होती. दुसऱ्या गोष्टीसाठी मी जे काही केलं त्याची हकिगत आमच्या गल्लीत अजून तीन-चार प्रकारे सांगतात, आणि प्रत्येक प्रकारात मी मूर्ख ठरते. म्हणून अधिकृत प्रकार मीच लिहून ठेवते आहे. यातही मी मूर्खच ठरते, पण निदान शुद्धलेखन बरोबर असेल.

लातूरमध्ये वाचणारी माणसं नाहीत असा आरोप मी करणार नाही. आमच्या गल्लीत पहाटे पाचपासून प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी वाचत असायचं. फक्त ते भौतिकशास्त्र असायचं. भूकंपाला पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत शहरात दोन गोष्टी भराभर उभ्या राहिल्या होत्या, सिमेंटचे कॉलम आणि क्लास. आमच्या गल्लीत अकरा घरं, त्यांपैकी सात क्लास. उरलेल्या चार घरांत त्या क्लासांना येणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या मुली खोल्या करून राहायच्या. त्यांतल्याच एका घरात मधल्या मजल्यावर आम्ही राहत होतो. मी, माझी अडीच वर्षांची गुड्डी आणि गुड्डीचे बाबा दयानंद. वरच्या मजल्यावर मुली. खाली घरमालक करीमचाचा आणि हाजराबी चाची. रस्त्याच्या अंगाला करीमचाचांचं बाइंडिंगचं दुकान.

दयानंद पाटबंधारे खात्यात आहेत, त्यामुळे त्यांचा कुठल्याच भिंतीवर विश्वास नाही. माझं पुस्तकांचं लोखंडी कपाट त्यांनी भूकंपाच्या धास्तीनं जमिनीवर पेटीसारखं आडवं झोपवलं होतं. पुस्तक काढायचं तर आडात वाकावं तसं वाकायचं. मी हसले नाही, कारण ते कपाट गुड्डीवर पडल्याची स्वप्नं त्यांना नव्हे, मला पडायची.

तर, त्या आडातून काढून मी एक कादंबरी वाचली. 'सातव्या मैलाची विहीर'. भागाबाई नावाची एक बाई आपल्या शेतातली, सगळ्या गावाला पाणी देणारी विहीर एक दिवस दगड टाकून बुजवते आणि गाव सोडून जाते. एवढीच गोष्ट. पण शेवटचं प्रकरण वाचताना माझ्या हातातलं गुड्डीचं वरण गार झालं.

"कशी आहे?" दयानंदांनी विचारलं. मी सांगायला लागले. तिसऱ्या वाक्याला ते म्हणाले, "म्हणजे चांगली आहे," आणि त्यांनी पेपर उघडला.

मग मी खाली गेले. चाची डाळ निवडत होत्या. त्यांनी मात्र मन लावून ऐकलं. मी भागाबाईच्या मनातल्या वादळापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"वो सब ठीक है बेटी. पर मघापासून त्या बाईचं लेकरू कुठं हाय? त्याला कुणी खाऊ घातलं का न्हाई?"

कादंबरीत त्या लेकराचा उल्लेख एकशे चाळिसाव्या पानावर येतो आणि नंतर येत नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्या लेकराचीही काळजी लागली. चर्चा मात्र झाली नाही ती नाहीच.

माझं माहेर नांदेड. एम.ए.ला असताना आम्ही चौघी मैत्रिणी एकेका पुस्तकावरून इतक्या भांडायचो की शेजारच्या काकू मिटवायला यायच्या. लग्न होऊन लातूरला आल्यापासून माझं मत फक्त दोन विषयांवर विचारलं गेलं होतं. भाजी कोणती करायची, आणि गुड्डीला ताप वाटतोय का. मला कुणाशी तरी भांडायचं होतं. एवढीच माझी इच्छा. या इच्छेपायी पुढे बारा कादंबऱ्यांचा जीव गेला.

फळ्याची कल्पना माझी, फळा करीमचाचांचा. एक क्लास मोठ्या इमारतीत गेला तेव्हा त्यांनी टाकून दिलेला लाकडी फळा चाचांनी दुकानात आणून ठेवला होता.

"घे बेटा, लाव दुकानाच्या भिंतीला. लिही काय लिहायचं ते."

फळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'अतिमहत्त्वाचे' असं लिहिलेलं होतं. ते खरवडून निघेना. मी म्हटलं, राहू दे, साहित्य अतिमहत्त्वाचं आहेच. गुड्डीला एका हातानं धरून, तिच्या तोंडातला खडू दुसऱ्या हातानं काढून, तिसऱ्या हातानं म्हणावं तसं मी पुढील मजकूर लिहिला :

सध्या वाचलेले : सातव्या मैलाची विहीर.
तीन तारे.
पहिली साठ पानं सोडली तरी चालतील. शेवटचं प्रकरण चुकवू नये. भागाबाई दगडाच्या काळजाची आहे, पण लेखकानं रंगवली आहे झकास.
चर्चेची वेळ : दुपारी दोन ते चार. मधला मजला.

दोन ते चार अशासाठी की तेव्हा गुड्डी झोपते.

अस्सल लातूरच्या माणसाला मी काय करून बसले ते वाचल्याबरोबर कळलं असतं. मी पडले नांदेडची. मला कळायला दुसऱ्या दिवशीचे दोन वाजले.

बरोबर दोनला दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरची पुनम. रेणापूरकडची, बारावी सायन्स, दोन वेण्या, हातात वही.

"म्याडम, येऊ का?"

माझ्या काळजात काय झालं ते मी लिहीत नाही. मी तिला बसवलं. चहा ठेवला. "वाचलीस तू कादंबरी?"

"न्हाई म्याडम. तीन तारे म्हंजे तीनदा येऊन गेलंय का?"

"कुठे?"

"पेपरला."

मी गॅस बंद केला. मग तिला शांतपणे समजावलं की ही गोष्टीची पुस्तकं आहेत, तारे माझ्या आवडीचे आहेत, याचा परीक्षेशी काडीचा संबंध नाही. पुनमनं माझ्याकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं आणि हलकेच वही मिटली.

"समजलं म्याडम. म्या कुणाला सांगत न्हाई."

तिनं कुणालाच सांगितलं नसावं, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात फक्त चौदा मुली होत्या.

इथे थोडं थांबून लातूरची बाजूही मांडायला हवी. ज्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ 'हे करा, हे सोडा, हे तीनदा आलंय' एवढंच कानावर पडतं, तिथे एका फळ्यावर काय करावं, काय सोडावं आणि किती तारे हे लिहून वर भेटीची वेळ दिलेली असेल, तर तो फळा कशाचा समजायचा? शिवाय मी एम.ए. झालेली, वर विद्यापीठाच्या नांदेडची. मी जितकं नाही म्हणत गेले तितकी माझी किंमत वाढत गेली. खरोखरच आतल्या गोटातली बाई उघडपणे हो कशी म्हणेल? गुरुवारपर्यंत नांदेडला असलेले माझे मामा मराठीचा पेपर काढतात, हे गल्लीत पक्कं झालं. मला मामा आहेत. ते नांदेडला आहेत. ते पंपाचे वायसर विकतात.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ही पुस्तकं परीक्षेसाठी नाहीत.' येणारेजाणारे पालक ते वाचून एकमेकांकडे बघत आणि समाधानानं मान हलवत. एकानं तर मला नमस्कार केला. "लिहावंच लागतंय की तसं."

दयानंद म्हणाले, "फळा काढ." मी म्हटलं, "माझं मत आहे ते." ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतोय." त्यावर आमच्यात जे झालं ते पुस्तकाविषयी नव्हतं, म्हणून इथे देत नाही.

शुक्रवारी चौकातल्या पुस्तकवाल्याकडच्या सगळ्या 'विहिरी' संपल्या. शनिवारी करीमचाचा मला दुकानात बोलवायला आले. चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"बेटा, तुझ्या फळ्यानं धंद्याला बरकत आणली. बघ तरी, कसं देखणं काम केलंय."

गल्ल्यावर बारा कादंबऱ्या ओळीनं ठेवल्या होत्या. नवं कापडी बाइंडिंग, कडा सुरेख कापलेल्या, पाठीला सोनेरी पट्टी. पण सगळ्या अंगानं वाळलेल्या दिसत होत्या. मी एक उघडली. पहिलं पान : एकसष्ट.

"चाचा! पहिली पानं?"

"सोडली तरी चालतील म्हणलीस की तू. लोकं म्हणाले, लेकराला ओझं कशाला? काढून टाका. मी काढली." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे सुतळीनं बांधलेली साठ-साठ पानांची अकरा बिंडं एकावर एक रचलेली होती. "एकानं तेवढी सोबत नेली. म्हणला, विकत घेतलेली चीज टाकून कशी द्यायची."

मी त्या बिंडांकडे बघत उभी राहिले. गुड्डी त्यांतल्या एकावर जाऊन बसली.

परिस्थिती सावरावी म्हणून मी फळा पुसून दुसऱ्या पुस्तकाविषयी लिहिलं. एक रहस्यकथा होती, 'बंगल्यात कोण आहे?' अगदीच टुकार. मी सरळ लिहिलं, 'शून्य तारे. वाचू नये. वेळ वाया.' वाटलं, आता तरी कळेल की ही एका वाचणाऱ्या बाईची आवडनिवड आहे. वरच्या मजल्यावरून आनंदाचा चीत्कार ऐकू आला. "बंगला गाळला! बंगला गाळला!" ज्यांनी तो धडा कधी पाहिलाही नव्हता त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

आणि मग आले शिवमूर्तीअप्पा.

अप्पा आमच्या गल्ली सुधार समितीचे सचिव. तलाठी म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त सरकारनं मानलं होतं. गल्लीतल्या नळापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांची नोंद त्यांच्या रजिस्टरात होती. ते दारात उभे राहून म्हणाले, "ताई, सदर फळ्याची परवानगी कुणाची?"

"करीमचाचांची. भिंत त्यांची आहे."

"भिंत त्यांची, दर्शनी बाजू गल्लीची. अर्ज करावा लागेल. तीन प्रती." त्यांनी क्लाससाठी छापलेला अर्ज काढला, कारण दुसरा अर्ज समितीकडे नव्हता. खुर्चीवर बसून चष्मा लावला. "क्लासचं नाव?"

"क्लास नाही अप्पा."

"नाव... नाही," त्यांनी लिहिलं. "विषय?"

"कादंबरी."

"विषय, कादंबरी. विद्यार्थीसंख्या?"

"एकही नाही."

"जिन्यात मी स्वतः चौदा मोजल्या."

"त्या गैरसमजानं आल्या होत्या."

"विद्यार्थीसंख्या चौदा, गैरसमजाने." अप्पांनी खाली रेघ मारली. "शिकवण्याचा उद्देश?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. मी खरं सांगितलं. "अप्पा, मला पुस्तकाविषयी कुणाशीतरी बोलायचंय. बस्स. फळा गेला तर ती आशाही गेली."

अप्पांनी पेन वर केलं. माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. मग त्यांनी लिहिलं, 'उद्देश : बोलणे.'

निघताना त्यांनी अट सांगितली. फळा तात्पुरता राहील. पण एका जरी पालकाची तक्रार आली, तर त्याच दिवशी उतरवला जाईल. "लेकरांच्या वर्षाचा प्रश्न आहे, ताई." मी मान डोलावली. मीही आई आहे.

पुढचे चार दिवस मी खिडकीत बसून पालक मोजले. फेटा दिसला की मी पडदा ओढून घ्यायची. टोपी दिसली की पडदा. तक्रार कुठल्या बाजूनं येईल याचा मी नीट अभ्यास केला होता, पण ती आली वरच्या मजल्यावरून.

पुनमचा डबा रोज रेणापूरकडच्या एस.टी.नं यायचा. तिची आई सिंधु भल्या सकाळी भाकरी बांधायची, बाप डबा कंडक्टरकडे द्यायचा, पुनम स्टँडवर जाऊन आणायची आणि संध्याकाळी रिकामा डबा त्याच गाडीनं परत. एक दिवस ती जिन्यात रडवेली भेटली.

"काय झालं गं?"

"म्याडम, बापूनं विहीर घेऊन दिली होती. म्या वाचली न्हाई. केमिस्ट्रीच संपंना तर विहीर कवा वाचू? डब्याच्या पिशवीत घालून परत धाडली. आता चिठ्ठी आलीय." तिनं चिठ्ठी पुढे केली. डब्याच्या तेलाचा डाग पडलेल्या कागदावर जाड अक्षरात लिहिलं होतं, 'ऐतवारी येतो. फळ्यावाल्या म्याडमला भेटायचं हाय. घरीच ऱ्हा म्हणावं.'

घरीच ऱ्हा म्हणावं. या तीन शब्दांचा अर्थ मी रविवारपर्यंत निदान साठ प्रकारे लावला. एकाही प्रकारात फळा भिंतीवर राहत नव्हता.

रविवारी दहाच्या गाडीनं पुनमचे वडील ग्यानोबा आले. उंच, वाळलेले, खांद्यावर डब्याची पिशवी आणि काखेत कापडात गुंडाळलेली विहीर. गल्लीत बातमी आधीच पोचली होती. अप्पा रजिस्टर घेऊन हजर. करीमचाचांनी दुकानासमोर बाकडं टाकलं. चाची पानाचा डबा घेऊन दारात बसल्या. वरच्या गॅलरीत मुली. दयानंद माझ्या मागे उभे राहिले, संकटात उभे राहतात तसे, म्हणजे एक पाय घरात ठेवून. मी गुड्डीला कडेवर घेतलं. लेकरू कडेवर असलं की माणसं जरा कमी बोलतात, हा माझा अनुभव.

"म्याडम तुमीच का?"

"हो."

"माझी तक्रार हाय."

अप्पांनी रजिस्टर उघडलं. त्या आवाजानं माझा फळा संपला, हे मला कळलं. मी घाईघाईनं म्हटलं, "दादा, मी पुनमला सांगितलं होतं, हे परीक्षेसाठी नाही. तिचं वर्ष..."

"परीक्षेचं मला कळलंय की. वाचाया घेतली त्याच दिवशी कळलं. अशी गोष्ट कोण इचारतंय परीक्षेत?" त्यांनी कापड सोडलं. आत चाचांची सोनेरी पट्टीवाली विहीर होती आणि तिच्या डोक्यावर सुतळीनं बांधलेली साठ सुटी पानं. "तुमी लिहिलं, ही पानं सोडली तरी चालतील. कामून?"

"ती... जरा कंटाळवाणी आहेत."

"वाचली का तुमी?"

आता मला एक कबुली द्यायला हवी. मी ती पानं वाचली नव्हती. कादंबरी हातात घेतली त्या आठवड्यात गुड्डीला गोवर निघाला होता. मी पहिली दहा पानं चाळली, विहीर किती हात खणली, कुठे मुरूम लागला, कुठे काळा दगड लागला, एवढंच होतं, म्हणून उडी मारून सरळ एकसष्टाव्या पानावर गेले. मत मात्र दोनशे चाळीस पानांचं दिलं. एम.ए.ला असताना हे आम्ही सगळ्याच करायचो. पण तिथे कुणी रेणापूरहून सकाळच्या गाडीनं विचारायला येत नसे.

"नाही," मी म्हटलं.

गॅलरीतून पोरींचा एकदम आवाज आला, "हाऽऽ!" अभ्यास न करता आलेल्या बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या.

"मग भागाबाईला दगडाच्या काळजाची कशी म्हणलात? तिचा भाऊ त्या विहिरीत गेलाय. खणताना. बेचाळिसाव्या पानावर. वरून कड ढासळली." भूकंपानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे 'ढासळली' हा शब्द नुसता कानावर आला तरी माणसं गप्प व्हायची. ग्यानोबा हलक्या आवाजात पुढे म्हणाले, "आन् चौदाव्या दिवशी गावानं तिथंच घागरी लावल्या. एकानं बी त्याचं नाव घेतलं न्हाई. वीस वर्षं ती बघून राहिली. मग बुजवली. म्या तर म्हणतो, लई उशिरा बुजवली."

"पण पाणी तोडलं तिनं गावाचं!" मी म्हटलं. मला गप्प बसायला हवं होतं हे मला कळत होतं. "लेकरंबाळं होती त्या गावात! एकाची चूक, शिक्षा सगळ्यांना?"

"गावात दुसरी विहीर होती म्याडम. तेहेतिसावं पान. खारी होती, पर होती."

"खारं पाणी लेकराला पाजाल तुम्ही?"

"बरोबर बोलती हाय बेटी," चाची दारातून म्हणाल्या. "मी पहिल्या दिवसापासून इचारते, लेकराचं काय?"

"तुम्ही शेतात पाण्याच्या मोटारीपाशी बसून वाचलं असेल," मी म्हटलं, "मी ताप आलेलं पोर मांडीवर घेऊन वाचलंय. मला ती तशीच दिसणार!"

"मंग तसं लिहा की फळ्यावर! पोर आजारी होतं, निम्मं वाचलं, म्हणून असं वाटलं. खोटं कामून लिहावं?"

सगळ्या गल्लीसमोर माझी लाज गेली होती, कान तापले होते, आणि एवढ्या महिन्यांत माझा एकही रविवार इतका चांगला गेला नव्हता.

"थांबा," अप्पा म्हणाले. ते लिहितालिहिता मागे पडले होते. "तक्रारदाराचं म्हणणं, सदर विहीर बुजवणं योग्य होतं. गट नंबर काय विहिरीचा?"

"अप्पा, गोष्टीतली विहीर आहे ती."

"गोष्टीतली असो. मालकी कुणाची, भागाबाईची की सामाईक? सामाईक असेल तर बुजवण्याचा अधिकारच नाही तिला. पाणी घेण्याचा वहिवाटीचा हक्क लागतो गावाला." त्यांनी पेन खिशाला लावलं. "अशा तक्रारीचा निकाल जागेवर देता येत नाही. पाहणी करावी लागेल." आणि त्यांनी ग्यानोबांच्या हातातून विहीर घेतली, वर ती साठ पानंही घेतली, रजिस्टरात 'कागदपत्रे ताब्यात घेतली' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

"फळ्याचं काय?" मी विचारलं.

"निकालापर्यंत जैसे थे."

पुनम खाली येऊन बापाच्या शेजारी उभी राहिली होती. इतका वेळ ती माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडेच बघत होती. "बापू, तुमी कवा वाचलं एवढं?"

"डब्याला सोडाया स्टँडवर येतो न्हवं? गाडी कवाच टायमावर येत न्हाई," ग्यानोबा म्हणाले. "तू केमिस्ट्री कर. हे माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

पुढचा रविवार निकालाचा. ग्यानोबा न बोलावता दहाच्या गाडीनं हजर झाले. करीमचाचांनी तेवढ्यात अकरा जणांना गाठून अकरा बिंडं ज्याच्या त्याच्या पुस्तकाला पुन्हा शिवून दिली होती, फुकट. 'माझ्या हातानं काढली, माझ्याच हातानं लागली पाहिजेत,' असं म्हणत. मी ती साठ पानं एका बैठकीत वाचली होती आणि भागाबाईविषयी माझं मत थोडं बदललं होतं. थोडंच. ग्यानोबांना ते कसं सांगायचं नाही याची तयारी करून मी गुड्डीला कडेवर घेऊन खाली आले होते, मागे दयानंद.

अप्पा आले. धुतलेला सदरा, हातात कार्बन लावून केलेल्या तीन प्रती. उभ्यानंच वाचायला लागले.

"सदर फळा भिंतीवर राहील. अट एक, न वाचलेली पानं सोडण्याचा सल्ला कुणालाही देऊ नये. अट दोन, फळ्याचा खालचा अर्धा भाग हरकतींसाठी मोकळा ठेवावा. सदर विहिरीबाबत..."

इथे ते थांबले. प्रत खाली-वर केली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"सदर विहिरीबाबत निकाल तयार होता. भागाबाईनं कुणालाही नोटीस न देता विहीर बुजवली, म्हणून तिची बाजू लंगडी, असं मी लिहिलंही. पण शेवटच्या पानावर ती घर सोडताना उंबऱ्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून जाते. घर रिकामं. गावाशी वैर. मग तो तांब्या कुणासाठी? लेखकानं कुठंच लिहिलेलं नाही. मी मागची-पुढची पानं तीनदा तपासली." अप्पांनी तिन्ही प्रती घडी घालून खिशात ठेवल्या आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसले. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या नोंदी ठेवलेला तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "ताई, तुमचं काय मत?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी ग्यानोबा म्हणाले, "भावासाठी."

"भावासाठी कसा?" करीमचाचा दुकानातून ओरडले. त्यांच्या बोटांना खळ होती. शिवताना त्यांनीही वाचलं होतं तर! "जिवंत माणसासाठी असतो तांब्या! तिला तहानलेलं कुणी परत येईल असं वाटत होतं!"

"हाव, लेकरू," चाची म्हणाल्या. "दुसरं कोण?"

"तुम्ही सगळे चुकताय," मी म्हटलं आणि गुड्डीला दयानंदांच्या हातात दिलं.